मामाच्या कांजिण्या

माझ्या मामाने एकोणतीस वर्षं इतरांचं रक्त पाहिलं, पण स्वतःचा एक थेंब कधी कुणाला दाखवला नाही. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून त्याची प्रयोगशाळा होती. एक खिडकी, एक सिंक, काचपट्ट्यांचे खोके आणि सूक्ष्मदर्शकासमोर एक खुर्ची, तिला घरून आणलेली उशी बांधलेली. काचेवर थेंब पसरायचा, तो रंगवायचा आणि डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजत बसायचं, हे त्याचं काम. सगळं इस्पितळ त्याला पेशीकाका म्हणायचं.

मोजता मोजता शिकवायची त्याला भारी खोड. रिपोर्ट न्यायला कुणी आलं, की झालं सुरू.

"हे बघा, अंगात परका जंतू शिरला की आधी धावतात त्या घाईच्या पेशी. ओळखपाळख काही नाही, परकं दिसलं की गिळायचं. तेवढ्यात दुसऱ्या पेशी त्या जंतूचं तोंड नीट बघून घेतात. एवढ्या कोट्यवधींत त्याला नेमकी ओळखणारी एखादी सापडते, मग तिच्यासारख्या हजारो तयार होतात. त्यात आठवडा जातो, तोवर आपण पांघरुणात! पण एकदा ओळख पटली की काही पेशी वर्षानुवर्षं राहतात. तोच पुन्हा आला, की दारातच धरतात."

ऐकणारा माना डोलवायचा. न डोलवून सांगतो कुणाला? रिपोर्ट मामाच्या हातात असायचा.

असा हा विद्वान सुईला मात्र टरकायचा. कर्मचाऱ्यांची तपासणी निघाली की नेमकी त्याच दिवशी त्याला वरच्या मजल्यावर कामं सुचायची. कुणी डिवचलंच तर म्हणायचा, "स्वयंपाक्याला कुणी जेवलास का विचारतं का?" या उत्तराचा तपासणीशी काय संबंध, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

त्या वर्षी सुट्टीत त्याची सहा वर्षांची नात राहायला आली होती. आईबाप परगावी नोकरीला, त्यामुळे पोरगी महिनाभर आजीआजोबांकडे. चौथ्या दिवशी तिच्या पोटावर पाण्याचे फोड दिसले. मामाच्याच इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी एका नजरेत सांगितलं, "कांजिण्या. हिची लस राहून गेलेली दिसते. घरात कोणाकोणाला येऊन गेल्यात?"

मामीला आल्या नव्हत्या आणि तिचं प्रकरण नाजूक होतं. तिला संधिवात. तिच्या पेशी परक्यांना सोडून तिच्याच सांध्यांशी भांडायच्या, म्हणून त्यांना आवरायच्या गोळ्या चालू होत्या. (मामाच्या मते ही भांडणं म्हणजे नवऱ्याशी भांडून उरलेली.) आवरलेल्या पेशी कांजिण्यांना कशा तोंड देणार? डॉक्टरबाईंनी तिला दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन दिलं आणि ताबडतोब आमच्या घरी पाठवून दिलं. मला आणि आईला कांजिण्या येऊन गेल्या होत्या.

"आणि तुम्हाला, काका?"

"सातव्या वर्षीच," मामा छाती पुढे काढून म्हणाला. "माझ्या पेशींना तोंडपाठ आहे."

"नक्की ना? थोडं रक्त घेते, अँटीबॉडी बघून टाकू."

मामाचा चेहरा पडला. "रक्त कशाला, मॅडम? माझी सख्खी थोरली बहीण साक्षीला आहे." आणि तिथूनच त्याने आईला फोन लावला. "ताई, मला कांजिण्या आल्या होत्या की नाही?"

"आल्या होत्या म्हणजे? दोघांना एकदम!" आई ठासून म्हणाली. "आईने रात्रंदिवस पावडर लावली आपल्याला!"

मामाने फोन डॉक्टरबाईंच्या कानाजवळ नेऊन तेच पुन्हा वदवून घेतलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "तुमच्या जबाबदारीवर हं."

मग मामाने नातीची सेवा केली, आणि ती खरंच मनापासून केली. गुलाबी लोशन लावायचं, नखं कापायची, ताप मोजून कागदावर लिहायचा. खाजवायला हात गेला की लगेच व्याख्यान. पोरगी आठ-दहा दिवसांत खडखडीत बरी झाली आणि पेशींवर बोलायलाही शिकली.

पहिला फोड दिसल्यापासून पंधराव्या दिवशी मामा कामावरून दुपारीच परतला. अंग मोडून आलं होतं. "दगदग," तो म्हणाला. संध्याकाळी कपाळावर दोन फोड आले. "डास," तो म्हणाला. सकाळी छातीवर जागा उरली नव्हती.

नातीने दाराआडून पाहिलं आणि आनंदाने ओरडली, "आजोबा, तुम्हाला पण!"

डॉक्टरबाई घरी आल्या. ताप एकशे तीन. मोठ्या माणसाला कांजिण्या जड जातात, छातीत उतरू शकतात, म्हणून त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या आणि रक्त घेतलं. मामा नको म्हणाला नाही, तेव्हा मी खरी घाबरले. तो नुसता भिंतीकडे बघत होता.

तिसऱ्या दिवशी आई त्याच्या उशाशी बसली. बराच वेळ त्याच्या दंडावरचे फोड न्याहाळत राहिली.

"काय गं ताई?"

"अरे... तुझे तेव्हाचे असे नव्हते."

"कसे होते?"

"बारीक. नुसते लाल. पाणी नव्हतं." आईचा आवाज खाली खाली गेला. "मला कांजिण्या आल्या तेव्हा तुला आत्याकडे ठेवलं होतं. तिथे झाडावर चढलास आणि तुझ्या अंगावर सुरवंट पडला होता. माझ्या खपल्या धरल्यावर तुला घरी आणलं, ते पुरळ घेऊनच."

मामाने डोळे मिटले.

"म्हणजे माझ्या पेशी पन्नास वर्षं सुरवंट आठवत बसल्या होत्या?"

आईला हसू आवरेना आणि रडूही. "मला खरंच वाटत होतं रे, दोघांना आल्या. पावडर तर दोघांना लावली होती!"

"तुझं काही चुकलं नाही, ताई," मामा खोकत म्हणाला. "मलाही आठवत होतं. आईचा हात, पावडरचा वास, सगळं. तो विषाणू मात्र कधी आलाच नव्हता, त्याला पेशी काय करणार?"

पुढचा आठवडा नातीने हुकूमत गाजवली. तिला आता भीती नव्हती, तशी तिने सगळ्यांना जाणीवही करून दिली. लोशनची बाटली घेऊन ती पलंगावर चढायची. "हात खाली! तुमच्या पेशी शिकतायत, त्यांना त्रास देऊ नका!" तिने मामाचं नाकसुद्धा गुलाबी केलं. मामा निमूट पडून राहायचा.

सहाव्या दिवशी त्याच्या हाताखालच्या बाईंनी त्याच्याच रक्ताच्या काचपट्टीचा फोटो मोबाईलवर पाठवला. मामाने चष्मा मागवला. फोटोत मोठाल्या, फुगलेल्या निळसर पेशी होत्या, कामाला लागलेल्या. तो किती वेळ बघत होता! "बघ, बघ कशा झाल्यात," मला म्हणाला. तोच रंग, त्याच पेशी त्याने हजारदा पाहिल्या असतील, पण असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

मामीला काही झालं नाही. चार आठवडे लक्ष ठेवून मगच डॉक्टरबाईंनी तिला घरी सोडलं. मामाच्या कपाळावर भुवईपाशी एक खड्डा राहिला.

कामावर गेल्यावर त्याने पहिल्याच आठवड्यात इस्पितळातल्या सगळ्यांना पकडून विचारलं, तुम्हाला कांजिण्या येऊन गेल्या का? तेवीस जणांनी छातीठोकपणे हो म्हटलं. त्याने तेवीसही जणांचं रक्त घ्यायला लावलं. चौघांच्या रक्तात अँटीबॉडीचा पत्ता नव्हता, आणि त्यातल्या एक आमच्या डॉक्टरबाई होत्या.

मामाने त्यांचा रिपोर्ट स्वतः वर नेऊन दिला. लस घेईपर्यंत तो त्यांच्या खोलीतून हलला नाही.