पत्ते तपासणारी माणसं

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात असं काय घडणार, असं लोकांना वाटतं. पण नगरच्या आमच्या तीन टेबलांच्या ऑफिसात इतके किस्से साठलेत की कुणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं तरी माझी गाडी सुरू होते.

आम्ही वेबसाइट बनवतो. प्रत्येक पानाची लिंक, म्हणजे त्या पानाचा पत्ता, तयार करायला छोटी फंक्शन्स असतात. त्यांना आम्ही हेल्पर म्हणतो. हेल्पर पत्ता बरोबर देतो का, हे तपासायला टेस्ट लिहायच्या. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल.

*

मी नवी होते तेव्हा आमचे सीनियर शकीलभाई यांना विचारलं, "दोन ओळींच्या फंक्शनला टेस्ट कशाला?"

ते म्हणाले, "टेम्पो नवा, माल एक नंबर, ड्रायव्हर झकास. पण पत्ता चुकला, तर माल कुणाच्या दारात?"

त्या दिवशी मी अकरा टेस्ट लिहिल्या.

*

पारनेरची वैशाली माझ्यानंतर लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं चाळीस टेस्ट लिहिल्या, सगळ्या हिरव्यागार! खुशीत तिनं भेळ मागवली. शकीलभाईंनी भेळ खाल्ली, हात पुसले आणि हेल्परमधला सगळा कोडच पुसून टाकला. टेस्ट पुन्हा चालवल्या. चाळीसच्या चाळीस हिरव्या.

वैशालीचा चेहरा पडला.

"फार प्रेमळ मास्तरीण आहेस तू," शकीलभाई म्हणाले. "कोरा पेपर दिला तरी पोरं पास."

*

वैशालीच्या वडिलांचा फोन दुपारी यायचा. एकदा तो स्पीकरवर होता.

"काय करतीस?"

"टेस्ट लिहितीय, आप्पा."

पलीकडून आप्पा म्हणाले, "नोकरी लागली तरी परीक्षा संपली न्हाई व्हय?"

*

जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा एका वेबसाइटच्या लिंकमधलं नावही बदलायचं होतं. जुन्या लिंकवर आलेला माणूस नव्या पानावर पोचायला हवा. ते काम माझ्याकडे आलं. टेस्ट चालवली, तर ती संपेचना. जुना पत्ता नव्याकडे पाठवत होता आणि नवा परत जुन्याकडे.

वैशाली माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "स्टँडवर चौकशी करतोय जनू. एक म्हनतो त्या खिडकीत विचारा, दुसरा म्हनतो ह्या."

*

आणि हा किस्सा श्रीरामपूरच्या डॉक्टरांचा. त्यांना जिल्ह्यातल्या रक्तदात्यांसाठी वेबसाइट हवी होती. कुणाला रक्त लागलं की त्या गटाच्या दात्यांच्या मोबाईलवर लिंक जायची. उघडली की दवाखाना आणि पेशंटची माहिती.

उद्घाटन सकाळी अकराला. दहा वाजता वैशालीनं आठही रक्तगटांच्या टेस्ट चालवल्या. चार हिरव्या, चार लाल. निगेटिव्ह गट चालत होते, पॉझिटिव्ह एकही नाही. लिंकमधलं अधिकचं चिन्ह कॉम्प्युटर रिकामी जागा समजत होता आणि पान कोरं येत होतं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. "मॅडम, पाहुणे येऊन बसलेत. सुरू करा, बारीकसारीक नंतर बघू."

वैशाली म्हणाली, "न्हाई जमनार सर. बी पॉझिटिव्हवाल्याला पान कोरं दिसंल."

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. मी भाषण लांबवतो."

पावणेबाराला आठही हिरव्या झाल्या आणि आम्ही तिघांनी अशी आरोळी ठोकली की खालचा दुकानदार वर बघायला आला.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो. शकीलभाईंचा मोबाईल वाजला. त्यांनी मेसेज वाचला, अंगठ्यानं काहीतरी दाबलं, डब्याला झाकण लावलं आणि हेल्मेट उचललं.

"कुठं?" मी विचारलं.

"इथंच. बी पॉझिटिव्ह बाळंतीण आहे."

चारला परत आले, तेव्हा कोपराच्या आत कापूस चिकटवलेला होता. वैशाली खुर्चीतून उठून उभी राहिली. शकीलभाईंनी डबा उघडला, गार भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "लिंक उघडली."