तनूबाईंच्या अहवालातील एक ओळ

इलेक्ट्रोड तिसऱ्यांदा निसटला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाडीत, देवीच्या ठाण्यासमोर तनूबाई बसल्या होत्या आणि मी त्यांच्या केसांतील तेल पुसत होतो. इलेक्ट्रोड म्हणजे डोक्याला चिकटवायची चकती. मेंदूतील विजेच्या सूक्ष्म लहरी ती टिपते. भ्रम उत्पन्न करणारी द्रव्ये मेंदूत काय घडवतात, हे मी उभे आयुष्य लॅबमध्ये अभ्यासले. द्रव्याविना अंगात येते तेव्हा काय घडते, ते पाहायला येथे आलो होतो.

"बाबा, एवढं डोकं तर माज्या आयनं बी पुसलं न्हाई," तनूबाई हसल्या. मग आवाज उतरला. "कागदावर नशा-बिशा लिवू नका. दिराला मी ठाण्यावर नकोच हाय, त्याला निमित्तच गावंल."

"जे दिसेल तेच लिहीन."

अंगात येण्याच्या दिवशी त्या पाणीही घेत नाहीत. पाहुण्यानेही तो नियम पाळायचा असतो. पहाटेपासून आम्ही दोघे निर्जळी होतो. ढोल वाजला, अंगात आले. घुमून त्या निश्चल बसल्या, तेव्हा आलेख स्वच्छ उमटला.

पुण्यात आमच्या संस्थेच्या संचालकांनी तो पाहिला. वयाने ते माझ्याहून लहान.

"सर, हा आपल्या ड्रग ट्रायलसारखाच दिसतो. बाईंनी काहीतरी खाल्लं असणार."

"पाण्याचा थेंबही नाही. मी शेजारीच होतो."

"आदल्या दिवशी?"

"लघवीची तपासणी आपल्याच लॅबने केली. काही आढळले नाही."

"तरी 'द्रव्यसेवनाचा संशय' एवढी ओळ घाला. कमिटीला उत्तर देणं सोपं जातं."

"संशय तुमचा आहे. ओळ तुम्ही लिहा, सहीही तुमचीच करा. असत्याखाली नाव घालायला मला लहानपणी पाठशाळेत शिकवलेले नाही."

"मग प्रोजेक्ट तुमच्याकडे राहणार नाही."

"न राहो."

मी लिहिले: सेवन काही नाही, कारण अज्ञात. अहवाल तसाच गेला. महिनाभरात प्रोजेक्ट बंद झाला आणि माझी नोकरीही गेली.

तनूबाईंना विचारून मी अहवालाची प्रत वाडीवर वाचली. दीर पुढे आले.

"अज्ञात म्हंजी?"

"मलाही ठाऊक नाही."

"मग येवढं शिकून केलं काय तुमी?"

"भावजी, बसा खाली," तनूबाई म्हणाल्या. ते बसले.

'अज्ञात' हा शब्द लिहिण्याइतके धैर्य यायला मला सारी नोकरी लागली. लिहिताच ती गेली. हिशेब ठीकच झाला.