मिठाच्या रस्त्यावरचा बाळकृष्ण

मी पूजा कधी सोडली नाही, बोलणं सोडलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की ही बाई मोठी भक्त असावी. तसलं काही नाही. कर्वेनगरच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा आहे आणि त्यात अंगठ्याएवढा पितळी बाळकृष्ण. रांगणारा, एका हातात लोण्याचा गोळा धरलेला. पिढ्यान् पिढ्या पुसून पुसून त्याचं नाक झिजलंय. सासूबाईंनी तो माझ्या हातात दिला तेव्हा एकच अट घातली होती, "लहान मूल आहे हे. याला एकटं ठेवायचं नाही." म्हणून आम्ही कुठेही गेलो की तो बरोबर. ह्यांच्या बदलीच्या गावी, माझ्या बाळंतपणाला माहेरी, लग्नकार्याला, सगळीकडे. हे थट्टा करायचे, "या घरात एक वेळ माझं तिकीट काढायचं राहील, त्याचं राहणार नाही."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हे गेले. अकरा दिवस रुग्णालयात होते. मी स्वतः घरात तापाने पडलेली, आणि आमच्या मुलाला, अमेयला, रुग्णालयाच्या दाराच्या आत कुणी सोडत नव्हतं. एका सकाळी मी बाळकृष्णाला तुळस वाहत होते आणि फोन आला. चौतीस वर्षांचा संसार, आणि शेवटच्या घोटभर पाण्याला घरचं माणूस नाही. नंतर एक प्लास्टिकची पिशवी हातात आली. त्यात घड्याळ, मोबाईल आणि चष्मा. चष्मा लख्ख होता. ह्यांचा चष्मा मी जन्मात कधी स्वच्छ पाहिलेला नव्हता. बोटांचे ठसे, पोह्यांचं तेल, काय वाटेल ते त्यावर असायचं, आणि दिवसातून तीनदा तो ओढून घेऊन मी पदराने पुसायची. तो लख्ख चष्मा पाहून मला वाटलं, म्हणजे हा ह्यांच्या डोळ्यांवर चढलाच नाही. अकरा दिवस समोरचं सगळं धूसर, ओळखीचा एक चेहरा नाही, तसेच गेले. हा काटा मनात रुतून बसला. ज्याला एकटं ठेवायचं नाही म्हणून मी उभा जन्म जपलं, त्याने माझ्या माणसाला एकटं पाठवलं. सासूबाईंना शब्द दिला होता म्हणून पूजा चालू ठेवली. गंध, तुळस, नैवेद्य, सगळं वेळच्या वेळी. बोलणं मात्र बंद. शेजाऱ्याशी भांडण झाल्यावर जिन्यात भेटला तर मान तेवढी हलवतो ना आपण, तसं आमचं चाललं होतं.

गेल्या वर्षी अमेयने आणि माझ्या सुनेने, केतकीने, नामिबियाला जायचं ठरवलं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा देश, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला वाळवंट. दोघांना पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे फोटो काढायचं वेड. आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून मलाही घेतलं. अमेयने फक्त एक गोष्ट मागितली. "आई, या वेळी देव घरी ठेव. सुमनताई करतील पूजा. तिकडे वाळूत कुठे तुझं ताम्हन-पळी मांडणार?" मी बरं म्हणाले. सुमनताई म्हणजे आमच्या शेजारी, अत्यंत विश्वासू बाई, नाही म्हणायला जागाच नव्हती. आणि निघायच्या दिवशी पहाटे मी बाळकृष्णाला स्वच्छ रुमालात गुंडाळलं आणि स्टीलच्या एका डब्यात खडीसाखरेच्या मधोमध बसवून दिलं. खुळखुळायला नको आणि दिसायलाही नको. चपला-कपड्यांच्या बॅगेत देव ठेवायचा नाही, म्हणून डबा गेला खाऊच्या पिशवीत, चिवड्याच्या शेजारी. विचारलंच तर नुसती खडीसाखर. ज्याच्याशी मी बोलत नव्हते त्याच्यासाठी पोटच्या पोराशी खोटं बोलले. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे विमानतळावर कुणी पिशवीकडे पाहिलं तरी मी दचकत होते.

पहिले दोन दिवस सुरेख गेले, खोटं कशाला बोलू. उथळ खाडीत हजारो रोहित पक्षी एका पायावर उभे होते आणि केतकी पोटावर पडून त्यांचे फोटो काढत होती. वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरत होत्या. आमच्या पर्वतीच्या पायऱ्या चढताना मी तीनदा बसते, इथे तर पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे यायचं. योहानेस नावाचा आमचा गाडीवान अतिशय सभ्य माणूस, मला हाताला धरून चढवायचा. पहाटे माझ्या खोलीत मी गुपचूप पूजा करायची, वाटीत स्नान, चिमूटभर खडीसाखर, आणि परत डब्यात. तिसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेकडे निघालो. तो रस्ताच मिठाचा. मिठाच्या पाण्याने माती घट्ट बसवलेला, डांबरी रस्त्यासारखा गुळगुळीत. कडेला मधूनमधून लाकडी टेबलं मांडलेली, त्यांवर मिठाचे मोठाले गुलाबी-पांढरे खडे, आणि माणूस कुणी नाही. हवा तो खडा घ्या, पैसे बरणीत टाका. आमच्याकडे असं टेबल मांडलं असतं तर आधी सूचनांची पाटी लागली असती. पुढे सील बघितले, मैलभर किनारा त्यांनी भरलेला, पिल्लं आईला हाका मारतायत आणि कोल्हे कडेकडेने फिरतायत. वास असा की सांगायची सोय नाही. मुक्कामाला पोहोचलो ते आडवी होऊन झोपलेच.

चौथ्या दिवशी पहाटे खाऊच्या पिशवीत हात घातला तर चिवडा होता, चकल्या होत्या, डबा नव्हता. सगळी पिशवी पलंगावर उपडी केली, बॅग उचकटली, गाडीत पाहून आले. नाही. नाश्त्याला केतकी सहज म्हणाली, "आई, सांगायचंच राहिलं. काल दुपारी तुम्ही गाडीत झोपला होतात तेव्हा मिठाच्या एका टेबलापाशी थांबलो होतो. तिथे एक म्हातारी बाई खडे मांडत होती. तिने मला एक खडा नुसताच दिला, पैसे घेईना. मग तुम्हीच सांगता ना, कुणी काही दिलं तर रिकाम्या हाताने परतायचं नाही, म्हणून तुमचा खडीसाखरेचा डबा देऊन टाकला. खड्याला खडा. किती खूश झाली." केतकीचा चेहरा अगदी निर्मळ होता. मीच शिकवलेलं. लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्यांची वाटी ती रिकामी परत करायला निघाली होती, तेव्हा मी तिला चांगलं खडसावलं होतं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खाल्ला. सांगावं तर अमेयला दिलेला शब्द मोडल्याचं उघड होणार, आणि न सांगावं तर देव गेला. दोघं मला किनाऱ्यावरचे बुडालेल्या जहाजांचे सांगाडे दाखवायला घेऊन गेली. मी बघत होते, दिसत काही नव्हतं. सासूबाईंचे शब्द कानात, आणि त्यांच्या मागोमाग तो फोन. दोघांना मी एकटं ठेवलं. एकाच्या वेळी माझा इलाज नव्हता, दुसऱ्याच्या वेळी माझीच लबाडी नडली. दुपारी एका वाळूच्या उंचवट्यावर बसले आणि मला रडू आलं. केतकी शेजारी येऊन बसली. मी सगळं सांगून टाकलं, डब्याचं, अमेयशी बोललेल्या खोट्याचं, अगदी लख्ख चष्म्याचंही. चष्म्याचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती उठली आणि तडक अमेयकडे गेली.

अमेय चिडला, चिडणारच. "आई, तू मला हो म्हणाली होतीस. आता उद्याचं सगळं रद्द? त्या टेबलावर माणूससुद्धा नसतं, तो म्हणतोय." तो म्हणजे योहानेस. त्याचंही खरं होतं, ती माणसं आठवड्यातून एकदा येऊन खडे मांडून जातात. केतकी शांतपणे म्हणाली, "डबा मी दिलाय, मी परत जाणार. तुला जहाजं बघायची असतील तर तू बस इथे." यावर अमेय माझ्याजवळ येऊन म्हणाला, "उजाडलं की निघू." त्या संध्याकाळी कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलले, म्हणजे बाळकृष्णाशी. प्रार्थना वगैरे नाही. म्हटलं, मी दमले बाबा. मला कुणालाच सांभाळता येत नाही. तू कुठे आहेस ते तुझं तू बघ.

सकाळी धुकं इतकं दाट की गाडीच्या पुढचं काही दिसेना. त्या किनाऱ्यावर समुद्राकडून रोज असं धुकं येतं. योहानेस सावकाश चालवत होता आणि आम्ही तिघं काचेला नाक लावून टेबलं मोजत होतो. एक गेलं, माणूस नाही. दुसरं गेलं, नाही. अमेयने माझा हात धरला होता. मग योहानेसने गाडी कडेला घेतली. धुक्यात एक टेबल, टेबलामागे खुर्ची, आणि खुर्चीत घोंगडं पांघरून बसलेली एक म्हातारी. मांडीवर माझा डबा. आम्हाला पाहून ती उठलीसुद्धा नाही, फक्त घोंगड्याची कड बाजूला केली. आत लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेला माझा बाळकृष्ण. नुसतं झिजलेलं नाक तेवढं बाहेर.

तिचं नाव मार्था. ती तिच्या भाषेत बोलली, योहानेसने इंग्रजीत सांगितलं, आणि अमेयने मला मराठीत. घरी जाऊन नातवंडांना खडीसाखर वाटायला डबा उघडला तेव्हा खड्यांमधून हे निघालं. मूर्ती कुणाची, कुठल्या देवाची, तिला काही ठाऊक नव्हतं. मूल रांगतंय, हातात खाऊ आहे, म्हणजे कुणाच्या तरी घरचं आहे, एवढं तिने ओळखलं. ज्यांचं मूल राहिलंय ती माणसं परत येणारच, म्हणून काल दिवसभर ती इथे येऊन बसली होती आणि आज परत आली होती. टेबलावर ठेवून का नाही गेलीस, असं योहानेसने तिला विचारलं. ती त्याच्यावर जरा वैतागलीच. अमेयने तिचं उत्तर मला सांगितलं आणि सांगताना त्याचा आवाज बदलला. "आई, ती म्हणते, लहान मुलाला एकटं कसं ठेवणार?"

मी तिच्या खुर्चीशेजारी खाली वाळूतच बसले आणि रडले. धुक्याने आणि रडण्याने माझ्या चष्म्यातून काही दिसत नव्हतं. मार्थाबाईने वाकून माझा चष्मा काढून घेतला. हु: करून काचांवर वाफ सोडली, मफलरच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या आणि चष्मा अलगद परत माझ्या डोळ्यांवर चढवला. मग माझ्या तोंडासमोर आपलं तोंड आणून काहीतरी म्हणाली. योहानेस म्हणाला, ती विचारतेय, आता मी दिसते का? आणि मग त्यानेच सांगितलं, ही पूर्वी गावच्या रुग्णालयात साफसफाईला होती. साथीच्या दिवसांत घरच्यांना आत सोडत नव्हते, तेव्हा काम संपलं की ही एकेका खाटेपाशी जाऊन बसायची. चष्मेवाल्यांचा चष्मा आधी पुसायची. जाणाऱ्याला निदान दिसावं, आपल्याजवळ कुणीतरी बसलंय.

अमेय हे मला मराठीत सांगता सांगता मध्येच थांबला. त्याच्याकडे वडिलांच्या त्या चष्म्याचं मी कधी बोलले नव्हते, पण केतकीने आदल्या दिवशी सांगितलं असणार. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं मी समजत होते की तो चष्मा लख्ख होता कारण कुणी तो ह्यांना घातलाच नाही. चष्मा डोळ्यांवर असला तर तो आपोआप स्वच्छ राहात नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो पुसावा लागतो. पुण्यातल्या त्या रुग्णालयात कुणीतरी ह्यांचा चष्मा पुसला होता. कुणी मावशी असेल, कुणी नर्स असेल. मला तिचं नाव कधी कळणार नाही.

हा चमत्कार का, म्हणून मला विचारू नका. एका म्हाताऱ्या बाईने एका सुनेने दिलेला डबा उघडला, एवढंच घडलं. पण मला त्या दिवशी एक कळलं. आपलं माणूस आपल्याच हातात असलं तर सुरक्षित, हा माझा हट्ट होता. मी भक्ती म्हणून जे करत होते त्यात निम्मी राखणदारी होती. माझे हात जिथे पोहोचले नाहीत तिथे त्याने दुसऱ्या कुणाचे हात धाडले, आणि मी मात्र इतकी वर्षं त्याच्यावर रुसून बसले होते. मी बाळकृष्णाला उचललं तेव्हा मफलरमुळे तो चक्क गरम लागला. खडीसाखर, डबा, आणि आमचा चिवडाही मार्थाबाईला दिला. तिने मला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. टेबलावरचा सगळ्यात मोठा खडा निवडून माझ्या ओंजळीत ठेवला.

परत आल्यावर मी कपाटातून ह्यांचा चष्मा काढला. देव्हाऱ्यासमोर बसून बाळकृष्णाला विचारलं, "होतास ना रे तिथे?" उत्तर आलं नाही, पण विचारल्यावर मला बरं वाटलं, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं पुन्हा सुरू आहे. दिवाळीत भाच्याच्या लग्नाला आठ दिवस गेले तेव्हा त्याला सुमनताईंकडे ठेवून गेले, आणि शांत झोपले. मिठाचा खडा आता देव्हाऱ्यात त्याच्या शेजारी असतो. आपल्याकडच्या दमट हवेत त्याला सारखं पाणी सुटतं. रोज सकाळी आधी मी तो पुसते आणि मग पूजेला बसते.