पुलावरची काठी

नव्वदनंतर देशाचा बाजार उघडला म्हणतात. आमच्यापर्यंत तो रंगीत टीव्हीच्या खोक्यांतून आला. गौलीगुड्यातल्या आमच्या मराठी मालकांचे तीन ट्रक हैदराबादहून वरंगलकडे टीव्ही-फ्रिज न्यायचे आणि येताना मिरच्यांची पोती आणायचे. त्यातला सगळ्यात खडखडा माझा. माल वाढला तसा मालकांनी चौथा, कोरा करकरीत ट्रक घेतला. त्याचं स्टेअरिंग एका बोटानं वळतं, असं ऐकलं होतं. माझं वळवताना दोन्ही हात, एक खांदा आणि निवडक शिव्या लागायच्या. तेव्हा नवा ट्रक मलाच मिळणार, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. शंका होती ती चाचांच्या मनात, आणि ट्रक कोणाला द्यायचा हे मालकांनी चाचांवरच सोपवलं होतं.

चाचा आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. बोलणं अस्सल दख्खनी, नजर आरशासारखी, मागचंही पाहणारी. त्यांच्यापुढे उमेदवार दोन. एक मी, आणि दुसरा नुकताच कामाला लागलेला एक तेलुगू ड्रायव्हर. तो दिवसाला दहा शब्द बोलायचा. त्याचे उरलेले मी बोलायचो.

वरंगलच्या रस्त्यावर एका ओढ्यावर जुना पूल होता. एका वेळी एकच ट्रक जाईल इतका अरुंद, आणि मधोमध उंटासारखी पाठ वर काढलेला. पलीकडून कोण येतंय ते दिसायचंच नाही. म्हणून ड्रायव्हरांनी आपसात एक रीत पाडली होती. लाल फडकं बांधलेली एक बांबूची काठी. ती ज्या बाजूला असेल त्या बाजूचे पाच-सहा ट्रक सुटायचे. शेवटच्यानं काठी घेऊन जायची आणि पलीकडे पहिला उभा असेल त्याच्या हातात द्यायची. मग तिकडचे सुटायचे. ना पोलीस, ना सिग्नल, पण कोणी कधी ही रीत मोडली नाही.

हैदराबादच्या बाजूला पुलाच्या तोंडाशीच एका अम्माचं चहाचं दुकान होतं. नंबर येईस्तोवर सगळे तिथं बाकावर बसून पुलावरच्या ड्रायव्हरची परीक्षा घ्यायचे. यानं गिअर उशिरा टाकला, त्यानं कठडा घासला. ज्याची चूक झाली त्यानं चहाआधी उभं राहून ती आपल्या तोंडानं सांगायची, असाही नियम होता. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा हात कोणी धरत नसे. सगळे मला 'जज साब' म्हणत. मी ते कौतुक समजायचो.

त्या दिवशी मी मिरच्या घेऊन परत येत होतो. आमच्या बाजूचे पाच ट्रक सुटले, सहावा मी. माझ्यामागे चाचांचा ट्रक. काठी हातोहात त्यांच्यापर्यंत आली होती; त्यांनी स्वतः खाली उतरून ती माझ्या खिडकीतून आत दिली.

"जज साब, अमानत है. सम्हालके."

"चाचा, मला सांगता?" मी म्हणालो, काठी सीटमागे सरकवली आणि निघालो.

पूल उतरतो तर काय, समोर आमचाच तो तेलुगू गडी ट्रक तिरपा लावून उभा! त्याचं नाक जवळजवळ माझ्या दारात. मी करकचून ब्रेक मारला, काच खाली केली आणि सुरू झालो.

"काय रे, गाडी लावलीस की खाटेवर आडवा झालास? पुलाच्या तोंडाशी सरळ उभं राहतात, एवढं कोणी शिकवलं नाही?"

त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला.

"हात काय दाखवतोस? हातवारे नक्को! आधी गाडी सरळ कर!"

तो काहीतरी पुटपुटला, पण मी भरात होतो. तीन मिनिटं त्याला धारेवर धरलं आणि हैदराबादचं अंबरपेठ येईपर्यंत स्वतःवरच खूश होतो.

गौलीगुड्यात पोती उतरत होती तेव्हा मी मालकांना गाठलं. नवा ट्रक कोणाला देऊ नये, हे त्यांनाही कळायला हवं होतं. केबिनमधली काठी काढली आणि तिनं धुळीत नकाशाच काढला.

"हा पूल, मालक. हा मी. आणि हा शहाणा असा तिरपा! हात बाहेर काढून बसलेला."

मालकांनी नकाशा नीट पाहिला. मग म्हणाले, "सगळं समजलं रे बाबा. पण ही काठी कोणाची?"

काठीच्या टोकाला लाल फडकं होतं. तो हात हातवारे करत नव्हता, काठी मागत होता. काठी घेता यावी म्हणूनच खिडकीला खिडकी येईल असा तिरपा उभा होता. आणि मी दोन्ही बाजूंचा रस्ता सीटमागे ठेवून निघून आलो होतो.

मालकांची स्कूटर मागून घेतली आणि काठी भाल्यासारखी बगलेत धरून पुलाकडे सुटलो. पोचलो तर ट्रकांची ही रांग! सगळ्यात पुढे तोच, अजून तिरपा. मी धावत जाऊन त्याच्या हातात काठी कोंबली.

"घे बाबा. चूक झाली. निघ आता!"

त्यानं मान हलवली. पुलाकडे बोट दाखवलं. "चाचा..." एवढंच म्हणाला.

"चाचांचं मी बघतो! काठी आहे ना? मग निघायचं! सरक, मीच नेतो."

मी त्याला बाजूला सरकवून स्टेअरिंग हातात घेतलं. पुलाच्या पाठीवर चढलो आणि समोर चाचांचा ट्रक! त्यांच्या आरशाला एक वाळकी फांदी बांधलेली, तिला त्यांचा लाल रुमाल. माझी वाट पाहून या दोघांनी नवी काठी केली होती, आणि ती चाचांच्या बाजूला असल्यानं आता पाळी तिकडची होती. तो गडी मघापासून हेच सांगत होता.

चाचांनी डोकं बाहेर काढलं. "क्या जज साब, दो-दो काठ्या? पुल बी दो लाए क्या?"

त्यांच्या पुढचे पाच ट्रक आधीच उतरून गेले होते, पाळीतले शेवटचे चाचा. माघार मलाच घ्यायची होती. तेलुगू गडी शांतपणे उतरला, मागे जाऊन उभा राहिला आणि हातानं इशारा करू लागला. "रानी... रानी... रानी..." म्हणजे येऊ द्या, येऊ द्या. अख्खा पूल मी त्याच्या आवाजावर उलटा उतरलो. दोनदा कठडा घासला. बाकावरचे सगळे उभे राहून पाहत होते. त्यानं मला एका शब्दानं दुखवलं नाही. तेच जास्त लागलं.

खाली चाचांनी चहा मागवला. अम्मानं ग्लास माझ्यापुढे धरला आणि लगेच मागे घेतला. आधी उभा राहून चूक सांग. मी सांगितली. एक म्हणता म्हणता तीन निघाल्या.

"नई गाडी इसकू देव बोलतौं मैं सेठकू," चाचा त्या गड्याकडे पाहून म्हणाले.

"हौ चाचा," मी म्हणालो. दुसरं म्हणणार काय?

आठवड्यानं मी टीव्ही भरून पुलाशी उभा होतो, नंबर पहिला. पलीकडून नवा ट्रक आला, चकचकीत, शेवटचा, काठी घेऊन. मी माझा खडखडा तिरपा लावला होता, खिडकीला खिडकी येईल असा. त्यानं काठी माझ्या हातात दिली. माझ्या तिरप्या गाडीवर एक नजर टाकली. आता बोलेल म्हणून मी वाट पाहिली, उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. त्यानं एका बोटानं स्टेअरिंग वळवलं आणि निघून गेला.