काचेवरचे दोन आकडे

आर्लीन नोवाकीने बावीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात पुढच्या काचा बसवल्या. ते खातं बंद झालं तेव्हा तिने एक जुनी व्हॅन घेतली आणि तेच काम बे सिटीत घरोघर जाऊन करायला लागली. मिशिगनच्या रस्त्यांवर ट्रकच्या चाकांखालून खडे उडतात आणि काचांना तडे जातात, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. आपण बसवलेली एकही काच आजवर गळली नाही, हे ती कुणी न विचारताही सांगायची.

मार्चमधल्या एका शुक्रवारी चर्चच्या सभागृहात ईस्टरआधीच्या उपासाचं जेवण होतं, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून तळलेला मासा आणि कोबीचं सॅलड. रांगेत तिच्यापुढे ग्रेटा ब्रूगर होती. आर्लीनने सहज तिच्या वडिलांची चौकशी केली. ग्रेटा म्हणाली, बाबांनी गाडी सोडली, दीड महिना झाला. एके सकाळी येऊन माझ्या टेबलावर किल्ली ठेवली आणि म्हणाले, मला दुहेरी दिसतं. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही, पण बाबांना ते पटत नाही. बुधवारचा पत्त्यांचा डावही बंद, कारण कुणी न्यायला आलेलं त्यांना खपत नाही.

"दुहेरी म्हणजे काय दिसतं?" आर्लीनने विचारलं.

"वेगाचे आकडे म्हणे. गाडीच्या काचेतले."

ग्रेटाच्या वडिलांच्या, क्लेटस ब्रूगरच्या गाडीची काच जानेवारीत आर्लीननेच बदलली होती.

शनिवारी सकाळी ग्रेटाकडून किल्ली घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहिली. क्लेटस एकोणऐंशी वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ते बाहेर यायलाच तयार नव्हते. शेवटी कोट चढवून कुरकुरत आले आणि गाडीत बसले. आर्लीनने किल्ली फिरवली. काचेपलीकडे, बॉनेटच्या टोकाशी तरंगत असल्यासारखं हिरवं शून्य उमटलं आणि त्याच्या किंचित वर, जरा फिकट, आणखी एक शून्य.

"दिसलं?" क्लेटस हळूच म्हणाले. "माझ्या आईचंही असंच झालं होतं. आधी दुहेरी, मग काहीच नाही."

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही."

"एक डोळा झाका बरं. किती?"

"दोन."

"आता दुसरा."

"दोनच."

"आणि ते समोरचं मेपलचं झाड?"

"एक. मीच लावलंय ते, मला माहीत नसणार?"

"डोळ्यांत दोष असता तर झाडंही दोन झाली असती, मिस्टर ब्रूगर. शून्यं दोन आहेत. मलाही दोनच दिसतायत."

मग तिने डॅशबोर्डवरच्या खाचेवर तळवा ठेवला. दोन्ही शून्यं नाहीशी झाली. हात काढला, परत आली. ती सांगू लागली. आकडा या खाचेतून येतो. आत एक छोटा दिवा आणि आरसे आहेत, ते आकड्याचा उजेड काचेवर टाकतात आणि काच तो तुमच्या डोळ्यांकडे परतवते. म्हणून आकडा काचेवर नाही, लांब रस्त्यावर असल्यासारखा वाटतो आणि नजर खाली वळवावी लागत नाही. पण पुढची काच म्हणजे दोन काचा, मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. उजेड आतल्या बाजूवरून परततो, तसाच थोडा बाहेरच्या बाजूवरूनही. अशा गाडीसाठी वेगळी काच येते. तिच्यातला पापुद्रा खाली पातळ आणि वर किंचित जाड असतो. त्या तिरकेपणामुळे दोन्ही आकडे एकमेकांवर बसतात.

"आणि ही?"

"ही साधी आहे. मला फरक माहीत होता. त्या दिवशी थंडी होती, मी घाईत होते, खाच बघितलीच नाही. चूक माझी आहे."

क्लेटसनी एक डोळा परत झाकून दोन्ही शून्यं बघितली. मग म्हणाले, "दीड महिना मी डोळे मिटून घरात चालायला शिकतोय, पोरी. पलंगापासून न्हाणीघर चौदा पावलं."

"मंगळवारी योग्य काच आणते," ती म्हणाली. "माझ्याकडून."

मंगळवारी तिने काच बसवली, गोंद सुकेपर्यंत गाडी हलवायची नाही अशी ताकीद दिली आणि तोवर त्यांच्या स्वयंपाकघरात बसून दोन कप कॉफी प्यायली. क्लेटस दर पाच मिनिटांनी खिडकीशी जात होते. वेळ भरल्यावर त्यांनी तिलाच शेजारी बसवलं. शून्य एकच होतं. ते त्यांनी एकदा उजव्या, एकदा डाव्या डोळ्याने तपासलं.

ठरलं होतं कोपऱ्यापर्यंत जायचं. ते नदीवरचा पूल ओलांडून गेले, आणखी पुढे गेले. वाटेत ते प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होते.

"परत कधी फिरायचं?" आर्लीनने विचारलं.

"उद्या बुधवार आहे," क्लेटस म्हणाले. "मला रस्त्याचा सराव हवा."

तेव्हापासून आर्लीन जुनी काच काढण्याआधी स्वतः चालकाच्या जागी बसते, किल्ली फिरवते आणि समोर काय उमटतं ते बघते. त्यात एखादं मिनिट जातं. गिऱ्हाईक घाईत असलं तरी तिला घाई नसते.