बाबांचा डावा हात

बाबांचा डावा हात गेला, असं आधी डॉक्टर म्हणाले आणि मग माझा चुलतभाऊ म्हणाला. डॉक्टरांवर माझा राग नाही, तेव्हा हात खरंच गेला होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांना साधा चमचा धरता येत नव्हता. पण पुढचे दोन पावसाळे ते अर्नाळ्याच्या आमच्या ओट्यावर बसून फाटकी जाळी विणत राहिले आणि एकेक बोट परत आणलं. ते मी रोज समोर पाहिलंय. त्यामुळे चुलतभावाला मी सोडणार नव्हते.

झालं ते असं. चुलतबहिणीच्या हळदीला बाबा आजारपणानंतर पहिल्यांदाच ढोलकी घेऊन बसले. मी शेजारीच होते. उजव्या हाताची थाप कानाला कळत होती आणि डाव्या हाताचा घुमारा खालच्या सतरंजीतून अंगाला कळत होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. चुलतभावानं खाली लिहिलं, ‘काकांचा डावा हात संपला वाटतं, नुसती टिकटिक येतेय.’ पुढे दोन हसरे चेहरे.

बाबांनी फोन कानाशी धरून तो व्हिडिओ चार वेळा ऐकला. मग ढोलकी चादरीत गुंडाळली. राजोडीच्या एका बँडवाल्याला ती कधीपासून हवी होती. त्याला दादाकरवी निरोप गेला, दिवाळी झाली की येऊन घेऊन जा.

“बाबा, फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. त्यातून जाड आवाज निघतच नाही,” मी म्हटलं.

“मंग सगल्यांना तसाच कसा ऐकू आला?”

“सगळ्यांनी फोनवरच ऐकला म्हणून!”

दादानं त्याचा मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर लावून दाखवला. त्यातही उजवा हात टणटणीत आणि डावा गायब. बाबा उठून ओट्यावर गेले. मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही. विरारच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी मी, त्या रात्री ठरवून टाकलं की मोठे स्पीकर घरीच बनवायचे. दुकानातले मोठे स्पीकर माझ्या पगारात बसणारे नव्हते आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं.

नालासोपाऱ्याला गाड्यांचे टेप दुरुस्त करणाऱ्याकडे सहा इंची जुने स्पीकर होते. तो म्हणाला, “घर में कोई जेन्ट्स है तो भेज दो मॅडम, आपको नहीं समझेगा.” मी म्हटलं, “समजत नाही म्हणूनच शिकतेय. तू माल दाखव.” तळहाताएवढा अॅम्प्लिफायरचा बोर्डही त्याच्याकडूनच घेतला. दोन बोटं भाजून घेतल्यावर वायरींना सोल्डरचा डाग द्यायला जमायला लागलं.

खोका हवाबंद हवा, एवढं मी व्हिडिओ बघून शिकले होते. गावात होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांनी मी आणलेला फर्निचरचा बोर्ड कापून दोन खोकी जोडून दिली. हवा गळते का ते कसं बघायचं, असं विचारलं तर म्हणाले, “पानी भर. पानी थांबला तं हवा पन थांबंल.” यात काही चुकतंय असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. आमच्याकडे फट शोधायची ती पाण्यानंच. स्पीकर बसवायची भोकं वर करून खोकी काठोकाठ भरली आणि एक थेंब गळला नाही म्हणून काकांनी माझी पाठ थोपटली. पण ते होडीचं लाकूड नव्हतं, भुसा दाबून केलेला स्वस्तातला बोर्ड होता. संध्याकाळपर्यंत चहात बुडवलेल्या पावासारखा फुगला.

दादानं फोटो ग्रुपवर टाकला. ‘स्पीकर जमत नसेल तर मासे पाळ,’ चुलतभावाचं उत्तर आलं. सुतारकाका मात्र ओशाळले. एका होडीच्या केबिनमधून उरलेलं जाड प्लायवूड त्यांनी आपणहून आणून दिलं. या खेपेला आम्ही सगळ्या फटी गोंदानं बुजवल्या आणि पाण्याचं नाव काढलं नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी बँडवाला अकरा वाजता येणार होता. नऊ वाजता मी दोन्ही खोकी मांडली, बाबांना बरोबर मध्ये बसवलं आणि व्हिडिओ लावला. माणसांचे आवाज स्वच्छ आले, हसणं आलं, बांगड्यासुद्धा वाजल्या. ढोलकीचा डावा हात आला नाही. फोनवर होता त्याहूनही कमी.

“ऐकलंस ना?” बाबा शांतपणे म्हणाले आणि दाराकडे निघाले. ते चिडले असते तर मला परवडलं असतं.

मला रडू फुटलं आणि राग आला, दोन्ही एकदमच. मी डावीकडच्या खोक्याची वायर उपटून फेकली. आणि एकट्या उजव्या खोक्यातून घुमारा सुरू झाला. बाबा उंबऱ्यावर थबकले. दोन खोक्यांतून न निघालेला आवाज एकातून निघत होता!

माझीच चूक होती. एका खोक्याला मी वायर उलटी जोडली होती. एक स्पीकर हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा आणि जाड आवाज मधल्या मध्ये मरायचा. लाल-काळी वायर अदलाबदल केली. व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. कपाटाची काच थरथरायला लागली, दादा आतून बाहेर आला आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून उभा राहिला.

बाबा खाली बसले. पूर्ण गाणं ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता हसतील, मला जवळ घेतील, असं वाटलं होतं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“उशिरा पडतंय,” ते म्हणाले. “दर चौथ्या मात्रेला डावा उशिरा येतंय.”

“पण येतोय ना?”

त्यांनी डावा पंजा मांडीवर ठेवला, मला पुन्हा लावायला सांगितलं आणि व्हिडिओबरोबर मांडीवर वाजवत राहिले. चौथ्यावर चुकले, स्वतःलाच एक शिवी दिली, पुन्हा लावायला लावलं. पाचव्या-सहाव्या वेळी दादाचा फोन वाजला. बँडवाला राजोडीहून निघू का म्हणून विचारत होता. दादा माझ्याकडे बघायला लागला. बाबांनी त्याच्या हातातून फोन घेतला, तोही डाव्या हातानं.

“ढोलकी नाय मिलनार,” ते म्हणाले. “वाजवनारा पायजे असंल तं ये.”