खालच्यातला उजेड

आमचं घर दोन मजल्यांचं, पण पोलादपूरच्या उतारावरचं असल्यामुळे सगळं उलटं. रस्त्यावरून आत पाऊल टाकलंत की तुम्ही थेट वरच्या मजल्यावर. खालची खोली तीन बाजूंनी डोंगरात गेलेली. पूर्वी तिथं गोठा होता. भावांनी मुंबईच्या कमाईतून वरचा मजला बांधायला काढला, तेव्हा काम होईपर्यंत म्हणून आई खाली राहायला गेली. काम संपलं, वास्तुशांत झाली, आई काही वर आली नाही. आमच्याकडे वरचं म्हणजे मुंबईकरांचं. गणपतीला, शिमग्याला ते येणार म्हणून फरशी पुसायची, गाद्यांना ऊन दाखवायचं आणि परत कुलूप लावायचं. आई ‘खालच्यात’ राहते हे गावात कुणाला खटकत नव्हतं. घरोघरी तेच.

पडवीत घसरून तिचा खुबा मोडला. ऑपरेशननंतरही ती उभी राहीना, तेव्हा महाडला नवऱ्याला खानावळीचा डबा लावून दिला आणि मी तिच्याकडे राहायला आले. एक दिवस दुपारची जेवणं आटपून भांडी विसळत होते. आईनं विचारलं, “दिवस उगवला काय गो?”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, “आई, वर चल. चौघांना बोलावते, खाटेसकट नेतील.”

“नाय गो. वरचं पोरांचं हाय. माझ्या औषधांचा वास भरंल तिथं. सुना नाकाला पदर लावतील.”

“सुना पंजाबी ड्रेस घालतात आता.”

“मंग ओढणी लावतील,” ती म्हणाली. मग भिंतीकडे बघत, “पोरं आपणहून म्हणाली तर बघू.”

थोरल्या भावाला फोन केला. तो म्हणाला, “आईला विचार ना. तिला बरं वाटेल तसं कर.” धाकट्यानंही तेच सांगितलं, वर “तिच्या मनाविरुद्ध काही नको” असं बजावलं. मी आईचं म्हणणं त्यांना सांगितलं, तर दोघं हसले. म्हणे, आईला काय आम्ही परवानगी द्यायची? सगळे एकमेकांचा मान राखत होते. मला मात्र सगळ्यांचा संताप आला होता, आईचा सुद्धा.

मग तो संताप मी खोलीवर काढला. भिंतीचे पोपडे खरवडले, ओलीवरचा रंग मारून घेतला, त्यावर फिकट पिवळा. वायरमननं पांढरीशुभ्र ट्यूब लावली तर आई डोळ्यांवर हात घेऊन म्हणाली, “परत दवाखान्यात आणलंस काय?” ती काढली. खाटेच्या डोक्याशी आणि पायाशी पिवळसर बल्ब लावले, फळीच्या मागे उजेडाची पट्टी फिरवली. फळीवरचे तांबे-पितळ्या चिंचेनं घासून ठेवल्या. पडवीतली लाकडं हलवली, पत्र्यातला एक तुकडा काढून तिथं पारदर्शक पत्रा बसवला. तिच्याच हिरव्या लुगड्याचा पडदा शिवला. दारासमोरच्या भिंतीवर आरसा टांगला, बाहेरचा उजेड आत यावा म्हणून.

“लगीनघर केलंस गो,” आई म्हणाली. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. मला इतका आनंद झाला की मी पडवीत जाऊन रडले.

आरशात ती स्वतःला बघत नसे. खाटेवरून त्यात बाहेरच्या पायऱ्या दिसत, रस्त्यावरून खाली येणाऱ्या. पायऱ्यांवर पाय दिसले की ती मान उचलायची. दूधवाला असायचा, शेजारीण असायची. मी आरसा काढू का विचारलं तर नको म्हणाली.

खोलीचे फोटो भावांना पाठवले. “वा! एकदम हॉटेल!” धाकट्यानं लिहिलं. वहिन्यांनी बदाम पाठवले. थोरल्यानं रात्री फोन केला, “आता आमची काळजी मिटली बघ.” फोन ठेवला आणि त्या दिव्यांकडे बघत बसले. तिला वर न्यायचं आता कुणाच्या मनात यायचं कारणच उरलं नव्हतं. दिवे काढून टाकावेत असं एकदा मनात आलं. पण त्यांच्या उजेडात ती तांदूळ निवडत बसायची, कशी काढणार?

श्रावणात आई गेली. पहाटे चहा मागितला, पाणी उकळेपर्यंत सगळं संपलं होतं. भाऊ वीर स्टेशनला उतरून रिक्षानं आले. बाहेर पावसाची झड, अंगणात घोट्याएवढा चिखल. खालच्यात माणसं मावेनात. बायका खाटेला चिकटून उभ्या, पुरुष पडवीत भिजत होते. थोरला दारातून कसाबसा आत आला. आईच्या पायांवर डोकं ठेवून हमसून रडला. मग उठला, डोळे पुसले, सगळीकडे एकदा बघितलं.

“आईला वर घ्या,” तो म्हणाला.

तेवढंच त्यानं म्हणावं म्हणून ती खाली थांबली होती.